भीतीची मजुरी

'रहस्यपट' या एका शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा करून ठेवला आहे. ज्यात खून होतो, पडक्या हवेलीत रात्री पांढऱ्या साडीतली बाई दिवा घेऊन फिरते आणि शेवटच्या रिळात खुनी कोण ते कळते, तो रहस्यपट. असा चित्रपट पाहताना आपण खुर्चीच्या कडेला येऊन बसतो, त्याला म्हणायचे 'सस्पेन्स'. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या पिढीने ही समजूत जोपासली. पुढे 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी?' (१९६४), 'गुमनाम' (१९६५) या चित्रपटांनी ती पक्की केली. आजही वर्गात कुणी नव्या चित्रपटाचे नाव काढले की चार जण कानांवर हात ठेवून ओरडतात, "शेवट सांगू नकोस हं!" जणू शेवट कळला की तिकिटाचे पैसे बुडाले.

माझे म्हणणे असे की रहस्य आणि उत्कंठा या दोन निराळ्या चिजा आहेत, आणि पुष्कळदा एक दुसरीच्या आड येते. रहस्यात लेखकाला ठाऊक असते आणि आपल्याला नसते. उत्कंठेत आपल्याला सारे ठाऊक असते, आणि तरीही आपण काही करू शकत नाही. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ साली ज्या प्रदीर्घ मुलाखती दिल्या, त्यांत त्याने टेबलाखालच्या बाँबचा दाखला दिला होता, तो चित्रपटावर बोलणाऱ्या प्रत्येकाला आता तोंडपाठ आहे. दोन माणसे गप्पा मारीत बसली आहेत आणि एकाएकी टेबलाखाली बाँब फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकेल. पण बाँब आहे आणि तो अमुक वाजता फुटणार आहे हे त्याला आधीच सांगितले, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकेल.

दाखला बिनतोड आहे. पण त्यात एक गोष्ट सुटते असे मला नेहमी वाटते. ती दोन माणसे त्या टेबलाशी बसली का आहेत? उठून जाणे त्यांना शक्य आहे की नाही? उठून जाणे सहज शक्य असेल, तर उत्कंठा फक्त घड्याळाची. टेबलाखाली बाँब आहे हे त्या दोघांनाही ठाऊक असेल आणि तरीही ते उठत नसतील, तर? या 'तर' वर एक संपूर्ण चित्रपट उभा आहे, आणि त्याच्याविषयीच मला लिहायचे आहे.

आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९५३ सालचा. जगभर तो 'द वेजिस ऑफ फिअर' या इंग्रजी नावाने ओळखला जातो. मराठीत आपण 'भीतीची मजुरी' म्हणू. जॉर्ज आर्नो याच्या १९५० मधल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्या एकाच वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि बर्लिनचे सुवर्ण अस्वल ही दोन्ही त्याने मिळवली. गोष्ट चार ओळींत सांगता येते, आणि सांगितल्याने तिचे काहीच बिघडत नाही, हाच माझा पहिला मुद्दा. लॅटिन अमेरिकेतल्या एका आडगावात अडकून पडलेले चार परदेशी बेकार. तीनशे मैलांवर एका अमेरिकन कंपनीची तेलविहीर पेटते. आग विझवायला नायट्रोग्लिसरीन हवे, कारण त्याच्या स्फोटाने ज्वाला तेलापासून तोडली जाते. ते वाहून नेण्यासाठी दोन साधे ट्रक आणि माणशी दोन हजार डॉलर. जोराचा धक्का बसला की सारे खलास. शेवटही सांगून टाकतो : चौघेही मरतात.

आता हे सारे लिहिण्याचे कारण. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात येत्या वर्षी हा चित्रपट दाखवावा असे घाटत आहे. चित्रपट जवळजवळ अडीच तासांचा आणि सभागृह मिळणार दोन तास. तेव्हा मंडळाच्या बैठकीत एका मित्राने सुचवले, की पहिला तास गाळावा, कारण "त्यात काही घडतच नाही." ट्रक निघतात तिथून सुरू केले म्हणजे काम झाले. बैठकीत बऱ्याच माना डोलल्या. माझी डोलली नाही, आणि का डोलली नाही ते तिथे पाच मिनिटांत सांगता येण्यासारखे नव्हते.

त्या पहिल्या तासात काय आहे ते पाहू. पहिल्याच दृश्यात रस्त्याच्या मधोमध एक उघडावाघडा पोर दोऱ्याने बांधलेल्या झुरळांशी खेळतो आहे. गावाचे नाव लास पिएद्रास. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ दगड. खानावळीच्या सावलीत माणसे नुसती बसून आहेत. कोणी इटालियन, कोणी जर्मन, कोणी फ्रेंच; कोण कशासाठी इथे आला ते कोणी फारसे सांगत नाही. इथे काम नाही. काम नाही म्हणून विमानाच्या तिकिटाला पैसे नाहीत. पैसे नाहीत म्हणून जाता येत नाही, आणि जाता येत नाही म्हणून पुन्हा सावलीत बसायचे. मारिओ (ईव्ह मोंताँ) पॅरिसच्या मेट्रोचे एक जुने तिकीट जपून ठेवतो. त्याच्या खोलीतला सोबती लुईजी गवंडी आहे. सिमेंटने त्याची फुप्फुसे भरली आहेत आणि डॉक्टरांनी त्याला ते स्पष्ट सांगितले आहे. बिम्बा नाझींच्या मिठाच्या खाणीत राबून आलेला, अबोल. आणि मग विमानातून उतरतो झो (शार्ल व्हानेल) : स्वच्छ कपडे, पारपत्रात घालून सरकवलेली नोट, पॅरिसच्या जुन्या दादाची ऐट. खिशात त्याच्याही काही उरलेले नाही, पण ते अजून कोणाला कळायचे आहे.

मग विहीर पेटते. कंपनीचा तिथला साहेब ओ'ब्रायन याचे गणित साधे आहे. आपल्या कायम कामगारांना हे काम सांगितले तर त्यांची युनियन उभी राहील. या भटक्यांना ना युनियन, ना मागे रडणारे कोणी. मेले तर नुकसानभरपाई मागायला येणार कोण? हे तो काही दुष्टपणाने सांगत नाही. हिशेब मांडावा तसे सांगतो, आणि म्हणूनच अंगावर येते. नंतर तो जमलेल्या उमेदवारांसमोर नायट्रोग्लिसरीनचा एक थेंब खाली टाकून दाखवतो. एक थेंब, आणि लहानसा धमाका. त्यानंतर कोणाला जायचे असेल त्याने जावे, असे म्हटल्यावर काही जण जातात. बाकीचे थांबतात. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षण हा थांबण्याचा आहे. पुढचे सारे स्फोट त्याच्यापुढे फिके.

निवड होते. न निवडलेल्यांपैकी एक पोरगा आत्महत्या करतो. हे दृश्य क्लूझोने फार थोडक्यात उरकले आहे, आणि बैठकीतल्या माझ्या मित्राच्या ते लक्षातही नव्हते. पण क्रम बघा : नोकरी न मिळाल्यामुळे मरणारा माणूस आधी दाखवला आहे, नोकरी मिळाल्यामुळे मरणारे मागाहून. आता ट्रकच्या चाकाखाली एक खडा जरी आला तरी आपला श्वास अडतो, कारण त्या ट्रकवर चढण्यासाठी या माणसांनी काय केले ते आपण पाहिले आहे. निघायच्या वेळी निवडलेला चौथा माणूस येतच नाही आणि त्याच्या जागी झो हजर होतो. चौथ्याचे काय झाले ते क्लूझो सांगत नाही. ज्यांना रहस्य हवेच त्यांना एवढे एक आहे, आणि ते त्याने उलगडण्याची तसदी घेतलेली नाही.

हा तास कापला तर उरेल काय? दोन ट्रक, चार अनोळखी माणसे आणि एक जालीम रसायन. त्याने दचकायला होईल, नाही असे नाही. जत्रेतल्या मौत का कुँवामध्येही दचकायला होते. १९५५ साली अमेरिकेत हा चित्रपट लागला तेव्हा अमेरिकन कंपनीवरची टीका नको म्हणून त्यातला बराच भाग कापला गेला होता. त्यांना निदान कारण तरी होते! आपण तर केवळ कंटाळा येईल या धास्तीने तेच करायला निघालो आहोत. आणि कंटाळा येणारच. तो यावा अशीच ती योजना आहे. जेवणानंतरची दुपार, काम नाही, कोणी बोलावीत नाही, जायला जागा नाही, हे आपल्याला इतके अपरिचित आहे काय? आपल्या तालुक्याच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे पाहा. त्यांतली कित्येक आपल्याच महाविद्यालयातून बी.ए. होऊन गेलेली आहेत. त्यांच्यातल्या कोणाला मी हा पहिला तास दाखवला तर तो "काही घडत नाही" असे म्हणेल, असे मला वाटत नाही.

आता प्रवासाकडे वळू. कारण पहिल्या तासाची बाजू घेताना उरलेल्या दीड तासाचे कसब नाकारावे असा माझा हेतू नाही. क्लूझोची रीत कबड्डीच्या सामन्यासारखी आहे. कबड्डीचे नियम ठाऊक नसलेल्या पाहुण्याला चढाई करणारा गडी म्हणजे नुसता बडबडत पळणारा माणूस वाटतो. दम सुटला की बाद, हे कळले की मग मध्यरेषा आणि त्याचा हात यांतले एक वीतभर अंतर छाती धडधडवते. क्लूझो प्रत्येक संकटाआधी असाच नियम समजावतो, शांतपणे, वर्गात फळ्यावर लिहावा तसा. एका ठिकाणी रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा आहे. त्यावरून जायचे तर ताशी सहा मैलांच्या आत किंवा चाळीसच्या वर. मधल्या वेगाने गाडी थरथरेल आणि सगळे संपेल. नियम एवढाच. आता एक ट्रक पुढे रांगत चालला आहे आणि दुसरा मागून चाळीसने येतो आहे. ब्रेक लावणे म्हणजे मरण, न लावणे म्हणजेही मरण. यात खलनायक कुठे आहे? पाठलाग नाही, पिस्तूल नाही. एक रस्ता आहे आणि एक नियम आहे.

डोंगरातल्या वळणाचा प्रसंग याहून वरचा. वळण इतके अरुंद, की ट्रक दरीवर उभारलेल्या लाकडी फळीमंचावर मागे घेतल्याशिवाय फिरतच नाही. आणि लाकूड कुजलेले. पहिला ट्रक कसाबसा निघतो, पण जाताना मंच आणखी खिळखिळा करून जातो. हे फक्त आपण पाहतो. मग मारिओचा ट्रक येतो. मागे उभा राहून खुणा करायला झो आहे. चाके फळ्यांवर घसरू लागतात, आणि दादा म्हणवणारा झो पळून जातो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. इंजिनाची घरघर आणि लाकडाची करकर. आमच्याकडे अशा जागी व्हायोलिनांचा कल्लोळ उठवतात आणि प्रेक्षकाला भ्यायचे केव्हा ते सांगतात. क्लूझो सांगत नाही.

हा प्रसंग मी माझ्या मामांबरोबरही पाहिला. मामा गेली बावीस वर्षे टँकर चालवतात. दिवाळीत घरी आले असताना मी त्यांना संगणकावर चित्रपट लावून दिला. इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत, अधूनमधून मी अर्थ सांगत होतो. पहिल्या तासात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. वळणाच्या प्रसंगात मात्र त्यांचा डावा पाय जमिनीवर क्लच शोधीत होता हे मी स्वतः पाहिले. झो पळाला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "असला क्लीनर मी पहिल्या नाक्यावरच उतरवला असता." चित्रपटाची इतकी नेमकी समीक्षा मी अजून कोठे वाचलेली नाही.

आणि तंबाखूचा तो क्षण. दुसरा ट्रक पुढे गेलेला आहे, दिसत नाही. त्यात बसून बिम्बा दाढी करतो, मरायचे तर नीटनेटके मरावे म्हणून. इकडे मागच्या ट्रकमध्ये झो सिगारेट वळतो आहे. कागदावर तंबाखू पसरली आहे. एकाएकी वाऱ्याची झुळूक यावी तशी ती कागदावरून उडून जाते. मग लख्ख उजेड आणि दूरवर धूर. लुईजी आणि बिम्बा गेले. दोन माणसांचे मरण दिग्दर्शकाने चिमूटभर तंबाखूत दाखवले. तासन् तास आपण ज्या स्फोटाची वाट पाहिली तो आपल्याला दिसलाच नाही, आणि तरी फसवले गेल्यासारखे वाटत नाही. त्या जागी पुढे जे डबके होते, फुटलेल्या नळातले काळे तेल साठून, त्यातून ट्रक काढताना झो चाकापुढे पडतो. थांबलो तर रुतू म्हणून मारिओ थांबत नाही, मित्राच्या पायावरून गाडी नेतो. इथे उत्कंठा आणि लाज या दोहोंची गाठ पडते. गाडी थांबू नये असे आपल्यालाही वाटत होतेच की!

आमच्या एका सरांचे मत असे, की थरारपट ही शरीराची करमणूक आहे, तिला रसाच्या पंगतीत बसवू नये. भरताच्या भयानकाचा स्थायिभाव भय खरा, पण भय हे रसरूपाने आस्वाद्य व्हायला ते लौकिकातून सुटावे लागते. इथे तर प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला असतो. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी एवढेच विचारतो : मग दुसऱ्यांदा पाहताना काय होते? 'गुमनाम' दुसऱ्यांदा पाहताना मी गाण्यांसाठी थांबलो. 'भीतीची मजुरी' मी तीनदा पाहिला आहे. कोण केव्हा मरणार ते मला पाठ आहे. तरी ओ'ब्रायनचा थेंब पडायच्या आधी आणि ट्रक मंचावर येताना मला तोच ताण जाणवतो. किंबहुना तिसऱ्या खेपेला जास्त, कारण आता दाढी करणाऱ्या बिम्बाकडे बघवत नाही. पुढे काय होणार या कुतूहलावर हा ताण उभा असता तर तो पहिल्याच दिवशी संपला असता. मग तो कशावर उभा आहे? मला वाटते, कणवेवर. भयानकाच्या शेजारी करुण बसलेला आहे, आणि त्याचे पान पहिल्या तासातच मांडले गेले आहे.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. लिंडा या मुलीला क्लूझोने फरशी पुसायला आणि मारिओच्या पायाशी घुटमळायला ठेवले आहे. बेकारांचे दुःख ज्या डोळ्यांनी त्याने पाहिले त्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलेले नाही. गावात अडकलेली तीही आहेच. आणि शेवट मला पटत नाही. माल पोचवून, आपली आणि झोची मिळून दुप्पट मजुरी घेऊन मारिओ रिकामा ट्रक चालवत परत निघतो. रेडिओवर स्ट्राउसचे 'ब्लू डॅन्यूब' लागते, तो त्या तालावर वळणावळणाने ट्रक नाचवतो, इकडे लास पिएद्रासमध्ये त्याच सुरावर सारे नाचतात, आणि ट्रक दरीत कोसळतो. मेट्रोचे ते तिकीट तेवढे हातात उरते. दैवाची थट्टा म्हणून हे ठीक, परंतु इतका वेळ अदृश्य असलेला दिग्दर्शकाचा हात इथे उघडा पडतो. नियमावर चालणाऱ्या गोष्टीचा शेवट लहरीवर झाला, असे मला वाटते. यावर माझ्या मित्राचे म्हणणे वेगळे आहे : भीती गेली म्हणून माणूस बेसावध झाला, यात नियमच आहे. त्यानेही लिहावे.

विल्यम फ्रिडकिनने १९७७ साली 'सॉर्सरर' या नावाने हीच कादंबरी पुन्हा पडद्यावर आणली. वादळी पावसात डुगडुगत्या दोरपुलावरून जाणारा ट्रक हे त्यातले दृश्य अजोड आहे. क्लूझोच्या मंचाच्या तोडीचे. पण फ्रिडकिनची माणसे आपापले गुन्हे मागे टाकून पळालेली आहेत. त्यांच्या जागी मी स्वतःला ठेवू शकत नाही. सावलीत बसून कामाची वाट पाहणाऱ्याच्या जागी ठेवू शकतो.

तेव्हा मंडळाच्या कार्यवाहांना माझी सूचना अशी. सभागृह दोनच तास मिळत असेल तर चित्रपट दोन दिवसांत दाखवावा. पहिल्या दिवशी फक्त पहिला तास, ट्रकचे इंजिन सुरू होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग. पहिल्या दिवशी किती जण येतात आणि त्यांतले किती दुसऱ्या दिवशी परततात, ते मोजावे. सतरंज्या टाकायला दोन्ही दिवस मी येईन, आणि मामांना सुट्टी मिळाली तर त्यांनाही घेऊन येईन.